रिसिव्हर घेण्याआधी खोली मोजा : होम थिएटरची निवड आणि जोडणी, शाळेसाठी व घरासाठी



आजचा विषय पाठ्यपुस्तकाबाहेरचा वाटेल, पण तो थेट वर्गातूनच आलेला आहे. डिजिटल वर्गातला आवाज. आणि तो नीट यावा म्हणून लागणारं एक यंत्र, ज्याला दुकानात ‘एव्ही रिसिव्हर’ म्हणतात.

आधी माझी चूक सांगते. निफाड तालुक्यातल्या आमच्या शाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला. उरलेल्या पैशांत मी नाशिकहून स्पीकरचा एक संच आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजारो वॉटचा आकडा होता, पाच स्पीकर होते, रंगीत दिवे होते. पहिल्याच दिवशी पावसाची एक गोष्ट लावली. वर्ग नुसता दणाणून गेला. गोष्ट संपल्यावर मागच्या रांगेतल्या तिसरीच्या मुलीला विचारलं, “काय झालं गं गोष्टीत?” ती म्हणाली, “मॅडम, पाऊस लई जोरात पडला. पण ती आजी काय बोलली ते नाही समजलं.”

मी स्वतः मागे जाऊन बसले. खरंच समजत नव्हतं! त्या वर्गणीत द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या आयांनी दिलेल्या पन्नास-पन्नासच्या नोटा होत्या. त्या पैशांतून मी पाऊस विकत आणला होता, गोष्ट नाही. पुढच्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीने पुन्हा विश्वास टाकला, तेव्हा मात्र मी आधी अभ्यास केला आणि मग दुकानात गेले. तो अभ्यास तुमच्यासमोर मांडते आहे. घरी होम थिएटर करू इच्छिणाऱ्या पालकांनाही तो तितकाच उपयोगी पडेल.

आधी चित्र, मग आवाज

आपल्या नाशिकच्या मातीतलाच एक दाखला बघा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्यानंतर त्यांनी आपलं काम नाशिकला हलवलं. ‘लंकादहन’सारखे चित्रपट इथेच घडले. ते सगळे मूकपट. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, १९३२ मध्ये मराठीत ‘अयोध्येचा राजा’ बोलला आणि सगळं चित्रच बदललं. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, सहल गेली तर मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

आपल्या शाळांचंही असंच झालंय. आधी चित्र आलं, आवाज मागून जोडला. वर्गणीतला मोठा वाटा प्रोजेक्टर नाहीतर टीव्हीवर जातो आणि स्पीकर ‘उरलेल्यात बघू’ या खात्यात राहतो. पण भाषेच्या तासाला मूल शिकतं ते ऐकून. चित्र थोडं फिकट असलं तरी चालतं, शब्द अर्धवट आला तर पाठच अर्धवट राहतो.

रिसिव्हर म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत रिसिव्हर म्हणजे द्वारका चौफुली. चारही बाजूंनी गाड्या येतात आणि कोणाला कुठे सोडायचं ते तिथे ठरतं. रिसिव्हर तीन कामं करतो.

१. निवड : लॅपटॉप, सेट टॉप बॉक्स, पेनड्राइव्हचा प्लेअर अशी सगळी यंत्रं त्याला जोडतात. रिमोटचं एक बटण दाबलं की हवं ते सुरू होतं.
२. उलगडा : आवाज आकड्यांच्या रूपात, म्हणजे डिजिटल येतो. त्यातला कोणता भाग कोणत्या स्पीकरला द्यायचा ते तो ठरवतो.
३. ताकद : तो आवाज मोठा करून स्पीकरपर्यंत पोहोचवतो. हे ॲम्प्लिफायरचं काम त्याच्या पोटातच होतं.

आता ‘५.१’ म्हणजे काय? समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन, बाजूला किंवा मागे दोन, झाले पाच. ‘.१’ म्हणजे फक्त घुमणारा जाड आवाज देणारा सबवूफर. ‘७.१’ मध्ये मागे आणखी दोन. ‘५.१.२’ लिहिलं असेल तर शेवटचे दोन छताकडचे.

यातला आपल्या कामाचा स्पीकर कोणता? मधला. चित्रपटांत बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. माझ्या पहिल्या संचातला मधला स्पीकर जेमतेम तळहाताएवढा होता आणि सबवूफर स्टुलाएवढा. म्हणून पाऊस जिंकला, आजी हरली!

दुकानात जाण्याआधी चार प्रश्न

एम. जी. रोडला जाण्याआधी घरी किंवा शाळेत बसून या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

*१. खोली केवढी आहे?* आमचा वर्ग २० फूट बाय २५ फूट. टेप लावून मोजा, छताची उंचीही लिहा. छत पत्र्याचं की स्लॅबचं, खाली फरशी की सतरंजी, तेही लिहा. याचा आवाजावर किती परिणाम होतो ते पुढे येईलच.

*२. काय काय जोडायचं आहे?* आम्हाला लॅपटॉप, सेट टॉप बॉक्स आणि प्रोजेक्टर जोडायचे होते. म्हणजे रिसिव्हरला निदान दोन एचडीएमआय इनपुट आणि एक आउटपुट हवं. एक जागा पुढच्यासाठी जास्तीची ठेवा. पीएम ई-विद्याच्या वाहिन्या डीडी फ्री डिशवर बघत असाल तर तुमचा बॉक्स तपासा. जुन्या बॉक्सला पिवळी-पांढरी-लाल अशी तीन रंगांची एव्ही केबलच असते. ती लावायला रिसिव्हरवर जागा आहे का, हे विचारून घ्या.

*३. माइक लागणार आहे का?* हा प्रश्न शाळेसाठी सर्वांत महत्त्वाचा. होम थिएटरच्या रिसिव्हरला बोलण्याचा माइक लावायची सोय सहसा नसते. त्याच्या खोक्यात जो छोटा माइक येतो तो फक्त सेटिंगसाठी असतो. परिपाठ, स्नेहसंमेलन, २६ जानेवारीचं भाषण यासाठी माइकचा वेगळा ॲम्प्लिफायरच लागतो. एकाच यंत्रात दोन्ही मिळेल या आशेवर राहू नका.

*४. खरंच रिसिव्हर हवा का?* घरी एकच टीव्ही आहे, खोली दहा बाय बाराची आहे, तर एक चांगला साउंडबार पुरतो. तो एका केबलवर चालतो. नवा साधा ५.१ रिसिव्हर पंचवीस-तीस हजारांच्या आगेमागे सुरू होतो आणि स्पीकर वेगळे घ्यावे लागतात. मोठी खोली, प्रोजेक्टर आणि दोन-तीन यंत्रं असतील तरच रिसिव्हरचे पैसे वसूल होतात.

खोक्यावरचा वॉट आणि खरा वॉट

आता वॉटकडे येऊ. मी फसले ती इथेच. खोक्यावर ‘पीएमपीओ’ लिहिलेला आकडा म्हणजे क्षणभराच्या उसळीचा, जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा. त्याला काही ठरलेली मोजपट्टीच नाही. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल ती ताकद.

रिसिव्हरच्या बाबतीत अजून एक पाऊल पुढे जा. बारीक अक्षरं वाचा. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू’ असं लिहिलेला आकडा विश्वासाचा. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल’ असं लिहिलेला आकडा नेहमी मोठा दिसतो. दोन रिसिव्हरची तुलना करायची तर एकाच अटीवर मोजलेले आकडे समोरासमोर ठेवा.

आणि मुळात किती वॉट लागतात? हे गणित मुलांनाही आवडेल. समजा स्पीकरवर ‘८७ डेसिबल’ लिहिलंय. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज येतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ८१, चार मीटरवर ७५. बंद खोलीत याहून थोडा जास्तच राहतो. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. म्हणजे आमच्या वर्गात बोलण्यासाठी एक वॉटही पुरतो! बाकीची ताकद अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजासाठी राखीव.

वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट जवळजवळ दहापट लागतात. म्हणून ५० वॉटऐवजी १०० वॉटचं यंत्र घेऊन काही फार मोठा फरक पडत नाही. त्यापेक्षा ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घ्या. तेवढाच फरक पडतो आणि जास्त वॉटचे पैसे वाचतात.

आम्ही शेवटी साधा ५.१ रिसिव्हर घेतला, पण स्पीकर फक्त तीनच, डावा, मधला आणि उजवा. मागचे दोन आणि सबवूफर पुढे कधीतरी. रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये ‘नाहीत’ असं सांगितलं की तो त्यांचा आवाज समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटून देतो. पैसे कमी असतील तर हाच मार्ग धरा. दोन चांगल्या स्पीकरमागे पाच स्वस्त स्पीकर कधीच धावू शकत नाहीत.

जोडणी : एकेक पायरी

सर्व स्विच बंद, पिना काढलेल्या. मगच सुरुवात.

पायरी १, स्पीकरच्या वायरी. रिसिव्हरच्या मागे प्रत्येक स्पीकरसाठी लाल आणि काळी अशी जोडी असते. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी झाली तर काही जळत नाही, पण आवाज पोकळ येतो आणि जाडी नाहीशी होते. वायरचं टोक अर्धा इंच सोला, तारा पिळून घट्ट करा. एक बारीक तार जरी शेजारच्या तारेला चिकटली तरी रिसिव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. तो बिघडला असं समजून दुकानात नेऊ नका, आधी तारा बघा. वर्गाएवढ्या अंतराला दीड एमएमची वायर चालते, फार लांब असेल तर अडीच एमएम घ्या.

पायरी २, ओहम जुळवा. रिसिव्हरच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. स्पीकर त्या मर्यादेतला हवा. व्हरांड्यातही आवाज जावा म्हणून एकाच जोडीला दोन स्पीकर जोडण्याचा मोह होतो. ८ ओहमचे दोन असे शेजारी-शेजारी जोडले की मिळून ४ ओहम होतात आणि रिसिव्हर तापतो. तसं करू नका.

पायरी ३, चित्राची वाट. प्रोजेक्टर असेल तर लॅपटॉपची एचडीएमआय केबल रिसिव्हरच्या इनपुटला आणि रिसिव्हरच्या आउटपुटमधून केबल प्रोजेक्टरला. लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडला तर आवाज प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरमधून येतो. प्रोजेक्टरपर्यंतची केबल लांब लागते. दहा मीटरच्या पुढे साधी केबल दगा देऊ शकते, तिथे फायबरची एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते, कोणतं टोक कुठे ते तिच्यावर लिहिलेलं असतं.

पायरी ४, टीव्ही असेल तर. टीव्हीच्या एका एचडीएमआय सॉकेटजवळ ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. रिसिव्हरच्या आउटपुटजवळही तेच असतं. ही दोन एकमेकांना जोडली की टीव्हीतल्या ॲपचा आवाज त्याच केबलने उलटा रिसिव्हरकडे येतो. केबल दुसऱ्या सॉकेटला लावली तर चित्र दिसतं, टीव्हीच्या ॲपचा आवाज मात्र येत नाही. फोनवर शिक्षक मित्र विचारतात, त्यांतली निम्मी अडचण हीच असते! टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ चालू करा (प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय) आणि आवाज ‘बाहेरच्या स्पीकरला’ असं निवडा. टीव्ही जुना असून एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल लावा. तिच्या टोकावरचं छोटं प्लास्टिकचं टोपण काढायला विसरू नका.

पायरी ५, वीज. तिन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घ्या आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर कारण बहुधा अर्थिंगमध्येच असतं. तो घालवायला पिनेचा तिसरा पाय तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो पाय मुलांच्या जिवासाठी आहे. विजा कडाडू लागल्या की पिना काढून ठेवा.

पायरी ६, जागा. चोरीच्या भीतीने आपण सगळं लोखंडी कपाटात बंद करतो. चालू रिसिव्हर कपाटात ठेवायचा नाही, तो तापतो. वर निदान वीतभर मोकळी जागा हवी. आम्ही वेल्डिंगवाल्याकडून जाळीच्या दाराची पेटी करून घेतली, कुलूपही लागतं आणि हवाही खेळते.

कान कुठे आहेत ते बघून सेटिंग करा

रिसिव्हरसोबतचा सेटिंगचा माइक घरी सोफ्यावर ठेवायचा असतो. शाळेत आपली मुलं बसकर पट्टीवर बसतात. म्हणून माइक खाली बसलेल्या मुलाच्या कानाच्या उंचीवर, वर्गाच्या मध्यभागी ठेवा. मधला स्पीकरही पडद्याखाली थोडा वर तिरपा करून मुलांकडे वळवा. रिसिव्हर एकेक आवाज सोडून अंतर मोजतो. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, त्या हिशेबाने तो सगळ्यांची वेळ जुळवतो. हे चालू असताना वर्गात शांतता हवी, पंखेही बंद.

मग हाताने दोन गोष्टी करा. मधल्या स्पीकरचा आवाज २-३ डेसिबलने वाढवा. आणि ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. त्याने मोठे आवाज थोडे दबतात, हळू आवाज वर येतात. शैक्षणिक व्हिडिओ बहुतेक दोनच चॅनेलचे असतात, तिथे ‘डॉल्बी सराउंड’ मोड लावून बघा. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं बोलणं तो मधल्या स्पीकरकडे ओढतो. ब्लूटूथ शक्यतो टाळा. आवाज मागे पडतो आणि ओठ आधी हलतात.

खोलीचं काय?

इतकं करूनही वर्गात आवाज घुमत असेल तर दोष यंत्राचा नाही. एक टाळी वाजवा. ती ‘टप्प’ अशी थांबली तर खोली चांगली. ‘टण्ण’ करत रेंगाळली तर भिंती आवाज परत फेकताहेत. मग मागचा शब्द विरण्याआधी पुढचा येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात असंच एक व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकावर ते सुधारायची जबाबदारी आली. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणायचा, खोलीत मांडायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर! मऊ वस्तू आवाज पितात, आणि किती पितात, याचं सूत्र त्यातूनच सापडलं.

आपल्याकडे गाद्या नाहीत, पण गोधड्या आहेत. आम्ही मागच्या भिंतीवर चार जुन्या गोधड्या दोरीवर टांगल्या, खाली सतरंज्या टाकल्या, खिडक्यांना जाड पडदे लावले. टाळी लगेच सुधारली. गोधड्या आयांनीच आणून दिल्या. रिसिव्हरपेक्षा जास्त फरक कशाने पडला असं विचाराल तर मी गोधड्यांचंच नाव घेईन. एक लक्षात ठेवा, गोधड्या वायरींपासून लांब टांगा आणि पावसाळ्यात अधूनमधून उन्हात घाला.

अजून एक. आवाज मोठा करणं हा उपाय नाही. वर्गात मुळातला गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. शेजारच्या वर्गातल्या बाईंचा पाढा आपल्या स्पीकरने बुडवायचा नाही.

मुलांसोबत करता येईल असं

सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘ध्वनी’चा पाठ आहे. हीच जोडणी त्या पाठाचं साहित्य होऊ शकते. स्पीकर आडवा ठेवून त्याच्या जाळीवर कागदात थोडे तांदूळ ठेवा, ते नाचताना दिसले की कंपन समजावून सांगावं लागत नाही. गोधडी असताना आणि नसताना टाळी किती रेंगाळते ते मुलांनाच ऐकू द्या. वर्ग मोजणं, अंतर लिहिणं, लाल-काळी वायर ओळखणं हे सगळं मुलं करू शकतात. वीज मात्र मोठ्यांनीच जोडायची.

आणि शेवटची परीक्षा. बिल देण्याआधी दुकानात गाणं किंवा मारामारी लावू नका. पेनड्राइव्हवर एक मराठी गोष्ट घेऊन जा, कोणीतरी शांतपणे बोलत असलेली. आवाज मध्यम ठेवा, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा, डोळे मिटा. प्रत्येक शब्द कळला तर घ्या. नाही कळला तर पुढच्या दुकानात चला. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही ऐकवा. ‘टीव्हीवर काय बोलतात ते कळत नाही’ असं ते म्हणतात तेव्हा दोष प्रत्येक वेळी त्यांच्या कानाचा नसतो.

आमच्याकडे नवी जोडणी झाल्यावर तीच पावसाची गोष्ट पुन्हा लावली. ती मुलगी आता चौथीत, अजूनही मागेच बसते. या वेळी मी विचारायच्या आधीच तिने शेजारणीला सांगितलं, “आजी म्हणाली, छत्री घे पण चिखलात नको जाऊ.” पाऊस थोडा हळू पडला होता. त्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही.